सासूबाईंचा अंबाडा

सत्कार म्हटलं की माझं डोकं फिरतं. कारण साधं आहे. मी मालिकांमध्ये हेअरड्रेसर आहे. महिला दिन जवळ आला की कुठल्या ना कुठल्या मंडळाला एखाद्या हिरॉइनचा सत्कार करायची हुक्की येते आणि मला फोन येतो तो तिचे केस करून द्यायला. वर पुन्हा, "तुम्ही पण थांबा हं, नाश्ता आहे," असं मोठ्या मनाने सांगतात. म्हणून त्या वर्षी फोन आला तेव्हा मी नमस्कार-चमत्कार न करता सरळ विचारलं, "कोणाचे केस करायचे आहेत?"

पलीकडची बाई हसली. म्हणाली, "कोणाचेच नाही. तुम्हाला स्टेजवर बोलवायचं आहे."

नाशिकच्या आसपास शूटिंगला बंगले मिळायला लागल्यापासून इथल्या बऱ्याच बायका या कामात शिरल्या आहेत. कोणी मेकअप करते, कोणी कपडे सांभाळते, कोणी एडिटिंग करते. एक मुलगी तर आवाज टिपायचा लांब दांडा दिवसभर डोक्यावर धरून उभी असते. अशा बायकांचा दोन दिवसांचा महोत्सव तीन मैत्रिणींनी मिळून ठरवला होता. दिवसा बायकांनी केलेले सिनेमे दाखवायचे आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमचा सत्कार. त्यात एक गोष्ट मला फार आवडली. प्रमुख पाहुणे नव्हते. जिचा सत्कार, तिच्या घरच्या माणसाने येऊन तिला शाल घालायची. ज्याने घर सांभाळलं म्हणून तुम्हाला पहाटे बाहेर पडता आलं, तो माणूस आणा, असं त्यांनी सांगितलं.

माझ्या डोळ्यांसमोर लगेच सासूबाई आल्या; मी त्यांना आईच म्हणते. नवरा भला माणूस आहे, पण त्याची नोकरी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात, पाळ्यांची. मी सहाच्या गाडीने सेटवर जायचे तेव्हा माझ्या मुलीच्या वेण्या आई घालायच्या. जगाचे केस मी करत होते आणि पोटच्या पोरीचे त्या, ती शिकायला बाहेरगावी जाईपर्यंत. त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही आणि माझ्या कामाबद्दल कधी बरा शब्दही काढला नाही. "लोकांची डोकीच विंचरायची तर एवढं लांब कशाला जातीस?" एवढंच म्हणायच्या. "हितं काय डोकी कमी हायेत?"

अडचण अशी होती की आई घराबाहेर पडत नव्हत्या. आदल्या वर्षी त्यांना मोठं आजारपण आलं. केमो झाली, केस गेले. मग औषधं संपली, तपासण्या चांगल्या आल्या, डॉक्टर म्हणाले आता हिंडा-फिरा. पण आई उंबऱ्यापलीकडे पाऊल टाकायला तयार नव्हत्या. सत्तरी आली तरी त्यांचे केस कंबरेपर्यंत होते आणि अंबाडा एवढा मोठा की नवीन माणसाला पत्ता सांगताना लोक म्हणायचे, "ते मोठ्या अंबाड्याच्या आजींचं घर." आता डोक्यावर दोन बोटं उंचीचे पांढरे केस आले होते. मला ते गोड दिसायचे. त्यांना नाही. बेल वाजली की त्या उठून आतल्या खोलीत जायच्या. भजनाच्या बायका सुरुवातीला यायच्या, आई दाराआडून बोलायच्या. हळूहळू त्याही यायच्या बंद झाल्या. घरातली एक बोलती बाई माझ्या डोळ्यांदेखत गप्प होत चालली होती, आणि मला त्याची भीती वाटायला लागली होती.

मी सत्काराचं सांगितलं तर म्हणाल्या, "पोराला ने. बोडकी म्हातारी कोणाला दाखवायची नाय मला."

मीही हट्टाला पेटले. आमच्या मालिकेतली आजी नुकतीच वारली होती. म्हणजे गोष्टीत. त्यामुळे तिचा पांढरा विग रिकामा झाला होता. छान विग होता, खऱ्या केसांचा, मीच रोज बसवायचे. प्रॉडक्शनच्या लोकांना विचारून तो मागून घेतला, शाम्पूने धुतला, वाळवला आणि संध्याकाळी मोठ्या ऐटीत आईंच्या पुढ्यात ठेवला.

आईंनी हात लावला नाही. वाकून निरखून बघितलं. मग म्हणाल्या, "हा त्या आजीचा ना?"

"हो. कसा ओळखलात?"

"तिला परवा जाळलं की."

मला आधी कळेचना. मग त्यांचा आवाज चढला. "मेलेल्या बाईचे केस माझ्या डोक्यावर ठेवतीस? आत्ता कुठं मी त्यातून उठले."

मी म्हटलं, अहो, ती बाई ठणठणीत आहे, दुसऱ्या चॅनेलवर काम करते आहे, तिला तारखा जमेनात म्हणून लेखकाने तिला मारलं. आई म्हणाल्या, "ते मला नको सांगू. मी रडले हाय तिच्यासाठी." नवरा हसू आवरेना म्हणून गॅलरीत निघून गेला. मी चिडले. तुमच्यासाठी एवढं करते तर त्याची किंमत नाही, वगैरे बरंच बोलले. त्यांनीही दोन दिवस अबोला धरला. आमच्या घरात अबोला म्हणजे भाकरी ताटात वाढायची नाही, आपटायची.

रागावलेली असताना सुचलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सेटवर त्याच आजीच्या फोटोला हार घालताना बघितलं आणि पटलं. माझ्यासाठी तो विग म्हणजे रोजचं काम होतं. आईंसाठी ते एका ओळखीच्या बाईचं डोकं होतं. या कामात मुरलेल्या माणसाशिवाय अशी चूक कोणी केली नसती.

अबोला आईंनीच सोडला. भाजी निवडता निवडता विचारलं, "तो टोप करतात कसा?"

मी सांगितलं, बारीक जाळी असते, तिच्यात एकेक केस गाठ मारून ओवायचा.

"कोणाचे असतात केस?"

"कोणाचेही. विकत मिळतात."

आई उठल्या, कपाटातल्या साड्यांमागून एक पिशवी काढून आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. आत गुंतवळ होतं. आई सिन्नरकडच्या खेड्यातल्या, विंचरताना निघालेला केस त्यांनी जन्मात कधी टाकला नाही. बोटाला गुंडाळून पिशवीत भरायचा आणि केसांवर भांडी देणारी बाई दारावर आली की तिला द्यायचा. आमच्या घरातल्या निम्म्या वाट्या आईंच्या केसांच्या आहेत. पण ही पिशवी आजारपणातली होती. उशीवरून, न्हाणीघरातून मुठीमुठीने वेचलेले केस.

"ह्याच्यावर वाटी घ्यायचं मन झालं नाय," त्या म्हणाल्या.

मी ती पिशवी हातात घेऊन रडले. आजारपणात सगळ्यांना धीर देत फिरले होते, तेव्हा नव्हते रडले. आईंनी थोडा वेळ रडू दिलं आणि मग म्हणाल्या, "हे माझेच हायेत. ह्याचं काय करता येतंय का बघ."

पूर्ण विग होण्यासारखं ते नव्हतं. अंबाडा मात्र होण्यासारखा होता. गुंतवळ सोडवणं हे फार चिकट काम. जोर लावला की केस तुटतो, सोडून दिलं की पुन्हा गुंततो. शूटिंगवरून आले की चहा घेऊन आम्ही दोघी जुनी चादर अंथरून बसायचो. आई काळे वेगळे, पांढरे वेगळे लावायच्या, मी मधेच त्यांची एकत्र जुडी केली की ओरडायच्या. हात कामात असले की माणूस बोलतो. आईंनी सेटबद्दल कधी नव्हे ते प्रश्न विचारले. केस ओढले की हिरॉइन ओरडते का? पुरुषांचे पण तूच करतीस का? एकदा आवाज बारीक करून विचारलं, "हिरॉइनला उवा असतात का गं?"

"असतात की. कोणाला सुटल्यात?"

हे ऐकून त्यांना एवढा आनंद झाला की त्या संध्याकाळी दोन घास जास्त जेवल्या.

अंबाडा तयार झाला तो पूर्वीच्या निम्माही नव्हता. त्यांचे आखूड केस तेल लावून मागे बसवले, बारीक जाळी लावली आणि अंबाडा पिनांनी घट्ट केला. त्यांनी एक आरसा समोर, एक मागे धरून पाहिलं. तळहाताने मागून चाचपलं. "डावीकडं जरा जास्त आलाय," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर त्या आपल्या जांभळ्या साडीला इस्त्री करत होत्या. मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी इस्त्री बंद केली असती.

गंगापूर रोडवरच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. सुरगाण्याच्या एका मुलीने मोबाइलवर केलेली छोटी फिल्म त्या दिवशी दाखवली. गावातल्या बायका जीपमधून कामाला निघतात, एवढंच त्यात होतं, पण हॉल अगदी शांत होऊन बघत होता. आई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांचं फिल्मकडे लक्ष होतं, पण एक हात सारखा डोक्यामागे जात होता.

माझं नाव पुकारलं. घरच्या माणसाने वर यावं, असं सांगितल्यावर आई उठल्या. नवऱ्याने हात द्यायला बघितलं तर तो बाजूला सारून एकट्या पायऱ्या चढल्या. शाल उघडली. मी उंच, त्या ठेंगण्या. शाल माझ्या खांद्यांवरून टाकायला त्यांनी दोन्ही हात वर केले, डोक्यावरचा पदर घसरला आणि त्याच्याबरोबर अंबाडा खाली पडला. माझ्या पायांपाशी.

चूक माझीच. सेटवर मी पिना लावते त्या तेवढ्या शॉटपुरत्या. कट म्हटलं की मी धावत जाऊन बघते. माणसाने हात वर करावेत, वाकावं, हिंडावं, असा विचार करून मी कधी अंबाडा बसवलाच नव्हता.

आईंचा हात डोक्याकडे गेला आणि तिथेच राहिला. त्यांचं तोंड बघून मला वाटलं, झालं, आता या परत कधी घराबाहेर पडणार नाहीत, आणि हे मी केलं. मी तीच शाल त्यांच्या डोक्यावरून टाकायला गेले. त्यांनी माझा हात ढकलला.

त्यांनी एकदा समोर बसलेल्या बायकांकडे बघितलं. मग स्टेजवरची खुर्ची ओढली आणि हॉलकडे पाठ करून तिच्यावर बसल्या.

"उभी काय राहिलीस?" म्हणाल्या. "बसव."

"इथं?"

"मग कुठं? तुझं कामच हाय ना हे?"

माइक जवळच होता. ते सगळ्यांना ऐकू गेलं आणि हॉलमध्ये हसू उठलं, चांगलं, मायेचं हसू. मी अंबाडा उचलला, पर्समधल्या पिना काढून दातांत धरल्या. आजवर कितीजणींचे केस केले असतील, पण एवढ्या लोकांसमोर कधीच नाही. सूत्रसंचालन करणारी मुलगी हुशार होती. तिने माइक आईंच्या तोंडाजवळ नेला आणि विचारलं, "आजी, काय करताहेत त्या?"

आईंनी मान हलवली नाही. पिना लावताना हलायचं नसतं हे त्या आता शिकल्या होत्या. "केस माझेच हायेत," त्या माइकमध्ये म्हणाल्या. "आजारात गेले होते. हिनं सोडवले, एकेक करून. लय बारीक काम हाय. मला वाटायचं, नुसतं विंचरायचं असतं."

माझ्या तोंडात पिना होत्या, म्हणून बरं. नाहीतर मी तिथेच हुंदका दिला असता. या वेळी पिना मी चारी बाजूंनी, खोलवर लावल्या. आई उठल्या, पुन्हा शाल उघडली, आणि मी गुडघ्यांवर बसले, म्हणजे त्यांना हात वर करावे लागणार नाहीत.

नंतर चहाला गर्दी झाली. डोक्याला कपाळापर्यंत स्कार्फ बांधलेली एक बाई माझ्याकडे न येता आईंकडे आली. दोघी भिंतीपाशी उभ्या राहून बराच वेळ बोलल्या. मी जवळ गेले तेव्हा आई सांगत होत्या, "रविवारी नको येऊ, मालिकेचा भाग द्यायचा असला की हिला रविवारी पण शूटिंग असतं. आधी फोन कर." माझं वेळापत्रक त्यांना एवढं पाठ असेल असं मला वाटलं नव्हतं.

नवरा पाळीला निघून गेला आणि आम्ही दोघी रिक्षाने परतलो. कॉलनीच्या कोपऱ्यावर आईंनी रिक्षा थांबवायला लावली. "हितनं चालू," म्हणाल्या. कोपऱ्यावरून आमच्या दारापर्यंत सगळ्या ओळखीच्या ओसऱ्या आणि संध्याकाळची वेळ, बायका बाहेरच बसलेल्या. भजनातल्या दोघी कट्ट्यावर होत्या. त्यांना आधी ओळखच पटेना. मग एकजण उठून उभीच राहिली.

"अगं बया, कुठं गेल्ता?"

"हिचा सत्कार होता," आई म्हणाल्या. "मी केला."

त्यांनी आईंना जागा करून दिली. आई बसल्या, पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "तू हो पुढं. कुकर लाव."

मी घरी आले, शाल काढून ठेवली आणि कुकर लावला. शिट्ट्या झाल्या, वाफ गेली, ताटं घेतली, भात निवला, तरी आई आल्या नव्हत्या.