लोकर सुटू नये म्हणून

लतीफचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी केजजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत बाळांना लस टोचत होते. फोन त्यांच्या जावयाचा होता. "चहा पिता पिताच गेले," एवढंच तो म्हणाला. मी हातातलं बाळ त्याच्या आईकडे दिलं, रांगेतल्या उरलेल्या पाच जणांना लस टोचली आणि मग शाळेच्या मागे जाऊन रडले. नर्सच्या नोकरीत रडण्यालाही नंबर लावावा लागतो. त्याला आता दीड महिना होत आला. चाचांविषयी लिहायचं तर माझ्या एका खोटेपणाविषयी लिहावं लागणार, म्हणून इतके दिवस टाळत होते...

केजला आमची आणि त्यांची भिंत एकच. घरामागे त्यांची पत्र्याची शेड होती. खाटकांकडून शेळ्यामेंढ्यांची कातडी घ्यायची, मीठ लावून टिकवायची आणि पुढे पाठवायची, हा त्यांचा जन्माचा धंदा. नवी राहायला आले तेव्हा वासानं मीही नाक मुरडलं होतं. पुढे त्या शेडमध्ये बसून चहा प्यायची सवय लागली ती चाचांच्या बोलण्यामुळे. माणूस मवाळ, पण कुणी कातडं प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून आणलं की त्याची खैर नसे. "गरम कातडं पिशवीत घातलंस बे? आतल्या आत उकडून निघालं की ते!" मग मला समजावून सांगत, की कातडं नासायला लागलं की आधी केसांची मुळं सैल होतात, आणि सुटलेला केस कुठलाही उस्ताद परत बसवू शकत नाही. त्यांच्या सगळ्या घाईचं कारण हे एवढंच होतं.

गेल्या वर्षी चाचींना लकवा झाला. डावं अंग गेलं, जीभ मात्र शाबूत राहिली. पडून पडून कंबरेखाली कातडी लाल झाली. हवेची गादी आणली, पण वीज गेली की तीही बसायची. मी दर दोन तासांनी कूस बदलायला बजावलं होतं, आणि चाचा ते घड्याळ बघून करत. एक दिवस म्हणाले, "लोकरीसकट मेंढीचं कातडं कमावतो. आमच्या आजीला त्याच्यावरच निजवायचे." मलाही ते पटलं. मऊ, हवेशीर आणि कातडीला न घासणारं अंथरूण चाचींना हवंच होतं.

अडचण चाचांच्या बोटांची होती. ती मला चहामुळे कळली. उकळता ग्लास ते सरबताचा असावा तसा धरून बसले होते. साखरेच्या दुखण्यानं बोटांची जाणीव गेली होती आणि त्यांनी घरात चकार शब्द काढला नव्हता. "कुणाला सांगू नको बेटा. कातड्याचं काम बोटावर चालतं. बोटं गेली म्हनल्यावर मला कोन इचारतंय?" लोकर पक्की आहे का हे बघायला पोटाजवळ आणि काखेत चिमूट धरून ओढावं लागतं. आता ती चिमूट माझी असणार होती.

पहिलं कातडं आलं ते ऐन एप्रिलच्या दुपारी. चाचा चाचींना घेऊन दवाखान्यात गेले होते आणि कातडं तासभर दारात, पिशवीतच पडून राहिलं. परतल्यावर त्यांनी ते पसरलं आणि मला म्हणाले, "ओढ. सांग." मी पोटाजवळ चिमूट धरली. लोकरीची एक बट अलगद माझ्या हातात आली. चाचा कातड्याकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते... मी बट पदराआड लपवली आणि म्हणाले, "पक्की आहे."

दया आली म्हणून बोलले, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे त्या चेहऱ्यावरची निराशा बघायची माझीच तयारी नव्हती. त्यांनी मीठ लावलं, दुसऱ्या दिवशी जुनं झटकून नवं लावलं, मग कातडं तुरटीच्या पाण्यात घातलं. आठवड्यानं ते वर काढलं तर पोटाची लोकर पाण्यावर तरंगत होती. त्या आठ दिवसांत चाचींची कातडी फाटून जखम उघडी पडली होती. चाचा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "कावून खोटं बोललीस? दवाखान्यात बी ताप हाय त्याला न्हाई म्हनतीस का?"

दुसऱ्या कातड्यासाठी ते पहाटेच खाटकाच्या दारात जाऊन बसले. कातडं हातावर उघडंच घेऊन आले, सावलीत गार केलं, आतली चरबी खरवडली, जाडं मीठ कडेपर्यंत चोळलं. तरीही दुसऱ्या दिवशी मी काखेत चिमूट धरली आणि दोन केस आले. दोनच... घरातून चाचींचं कण्हणं ऐकू येत होतं.

"चाचा, काखेत सुटतंय."

ते क्षणभरही थांबले नाहीत. केसांची मुळं आवळावीत म्हणून तेवढ्या भागावर तुरटीची पूड दाबून भरली आणि पुढच्या मिठाची वाट न बघता कातडं थेट तुरटीच्या पाण्याच्या टाकीत सोडलं. आठवडाभर आम्ही दोघंही येताजाता टाकीत डोकावत राहिलो. बाहेर काढलं तेव्हा काखेत तळहाताएवढं टक्कल होतं आणि बाकी सगळी लोकर जागच्या जागी. चाचा त्या टकलाकडे बघून हसले. "लई झालं. येवढ्यावर भागलं." चाचींची जखम भरायला दोन महिने लागले, पण भरली.

ते गेले त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. खोली बायकांनी गच्च भरली होती. चाची त्याच कातड्यावर पडून होत्या. जी ती त्यांना सांगत होती, की तुमची तब्येत छान आहे, काळजी करू नका. मी चादर बाजूला करून त्यांना नीट तपासलं. पाठ, कंबर चांगली होती. डाव्या टाचेवर मात्र रुपयाएवढा लाल डाग उठला होता. सकाळपासून त्यांची कूस बदलायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"काय हाय गं?" चाचींनी विचारलं. नवरा गेलेल्या बाईला त्या दिवशी आणखी काही सांगावंसं मला वाटत नव्हतं.

"टाच लाल झालीय, चाची," मी म्हणाले. "आजच जपायला हवं."

त्यांनी डोळे मिटले. "बरं झालं सांगितलंस. सकाळधरनं समदे मला चांगलंच सांगायलेत... तू उद्या बी ये."

मी कातडं खाली सरकवलं आणि त्यांचा पाय उचलून लोकरीवर ठेवला.