आबा आले की पडदा जातो

“काळा होतो म्हणजे कसा? दिवा विझल्यासारखा, की डुलकी लागल्यासारखा?”

“डुलकीच म्हणा की, दादा. दोन-तीन सेकंद. मग परत उजेड, जसं काही झालंच नाही.”

“आणि कधी?”

सूनबाईंनी मधल्या दाराकडे पाहिलं, ते लोटलेलं आहे याची खात्री केली आणि आवाज खाली आणला. “आमचे आबा खोलीत आले की.”

खुंटा हसला नाही. गिऱ्हाइकाच्या सांगण्यावर हसायचं नाही, हा त्याचा कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यातला नियम. हसलं की माणूस पुढचं सांगत नाही, आणि खरं काय ते बहुतेक वेळा पुढच्यातच असतं. त्याने सोबत आणलेलं लाकडी स्टूल कॉम्प्युटरच्या टेबलाशी टेकवलं आणि बसला.

खुंटा हे काही आईबापाने ठेवलेलं नाव नव्हे. ते लोकांनी ठेवलेलं, आणि तेही पाठीमागे; तोंडावर सगळे दादाच म्हणत. कारण एवढंच, की एखादं मशीन मधूनच दगा देत असेल तर तो त्याच्यासमोर बसे आणि ते दगा देईपर्यंत उठत नसे. एका दवाखान्यात असाच बसला होता, तर कंपाउंडरने पेशंट समजून त्याच्या तोंडात थर्मामीटर घातला. खुंट्याने घालू दिला. तोंड गुंतलं म्हणून डोळे थोडेच गुंततात? बायको म्हणायची, “यांना दळण घेऊन पाठवलं तर गिरणी बिघडायची वाट बघत बसतील.”

हे वाट बघणं तो गावातच शिकला. बापाचा रेडिओ मधेच मुका व्हायचा. मुका झाला की बाप थाप मारायचा आणि रेडिओ बोलायला लागायचा. त्यामुळे घरात सगळ्यांची पक्की समजूत, की औषध थापेतच आहे. पोराने एकदा मागचं झाकण उघडून पाहिलं, तर आत एक तार सुटू की नको करत लोंबत होती. त्याने ती जोडली. बापाने झाकण उघडल्याबद्दल ती थाप पोराला दिली. रेडिओ मात्र पुन्हा मुका झाला नाही. तेव्हापासून, कावळा बसला आणि फांदी मोडली असं कुणी सांगितलं, की तो कावळ्याला सोडून आधी फांदी बघे.

या घरात सगळे कावळ्याच्याच मागे लागले होते.

कावळा म्हणजे सूनबाईंचे सासरे. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. छापील फलक आले तसा ब्रश खाली ठेवावा लागला. पुढे तेच काम सूनबाई कॉम्प्युटरवर करू लागल्या. आबांना दिवसाकाठी एकच कार्यक्रम उरला. या खोलीत यायचं, सुनेच्या मागे उभं राहायचं आणि अक्षरांना नावं ठेवायची. “हा क पोट काढून का उभाय?” “या वेलांटीला कुणी झोडपलं का?” सूनबाई तोंड वाकडं करत, आणि आबा गेले की गुपचूप वेलांटी सरळ करत.

मग पडदा जायला लागला. आबा दारात आले की काळा. रोज नाही, पण आला दिवस चुकत नव्हता म्हणावं इतका. लेकाने आधी थट्टेत म्हटलं, “आबा, तुमची नजर लागते हो.” थट्टा घरात राहिली आणि हळूहळू खरी झाली. गेल्या आठवड्यात पडदा गेल्यावर सूनबाईंनी घाबरून मशीन बंद करायचं बटणच दाबलं आणि अर्धा फलक पुसला गेला. त्या दिवशी लेक म्हणाला, “थोडे दिवस त्या खोलीत नका येऊ.” आबांनी माळ्यावरची बॅग काढली.

“लेकीकडे जाऊन राहतो,” त्यांनी जाहीर केलं. “तिच्याकडे टीव्हीसुद्धा नाही. माझ्यामुळे काही विझायचं नाही.”

बॅग भरून झाली होती. गाडी उद्या सकाळची.

खुंट्याने आपल्या परीने सगळं केलं होतं. मशीन आधी दुकानात आलं तेव्हा ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा प्रोग्रॅम, आपोआप नवा झालेला दिसला. त्याने तो मुळापासून काढून जुना घातला. मग वाट बघितली. मग ग्राफिक्स कार्ड उपटलं, त्याच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवलं, परत बसवलं. वाट बघितली. मग कार्डच बदलून पाहिलं, मग पॉवर सप्लाय. एका वेळी एकच गोष्ट बदलायची; दोन बदलल्या तर कुणाच्या पायगुणाने बरं झालं ते कळत नाही. दुकानात ते मशीन साधूसारखं चाललं. घरी परत गेलं, आबा आले, पडदा गेला.

आता तो घरी येऊन बसला होता. सूनबाई आपल्या खुर्चीत बसून काम करत होत्या. बराच वेळ गेला. काही नाही.

“बघा,” सूनबाई म्हणाल्या, “आबा नाहीत तर कसा शहाण्यासारखा चालतो.”

“मग बोलवा त्यांना.”

“ते नाही यायचे.”

“मी ऐकतोय,” दारापलीकडून आवाज आला. “आणि मी येणार नाही.”

खुंट्याने दाराकडे तोंड केलं. “आबा, तुम्ही आल्याशिवाय पडदा जात नाही, आणि पडदा गेल्याशिवाय मला उठता येत नाही. म्हणजे आता माझं जेवण इथेच आणि अंथरूणही इथेच.”

पलीकडून पावलं वाजली. मग दार उघडलं. आबा उंबऱ्यात उभे राहिले. सूनबाई सवयीने झटकन उठल्या, “या आबा.”

पडदा काळा झाला. मग आपला आपण परत आला.

“झालं समाधान?” आबा म्हणाले आणि वळले.

“थांबा, आबा. पुन्हा या.”

आबा बाहेर गेले, आत आले. सून उठली. पडदा गेला नाही. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. सून उठली. गेला.

“कोर्टातसुद्धा आरोपीला इतकं आत-बाहेर करत नाहीत,” आबा म्हणाले.

खुंट्याने मान डोलावली. एका वेळी एकच गोष्ट. “वहिनी, तुम्ही जरा स्वयंपाकघरात थांबा.” तो स्वतः त्यांच्या खुर्चीत बसला आणि पडद्यावर डोळे लावले. “या आबा.”

आबा आले. काही नाही. पुन्हा आले. काही नाही. तिसऱ्यांदा आले आणि परत जायच्याऐवजी तिथेच थांबले. त्यांचा चेहरा ताठ झाला होता.

“एक विचारू? तुमच्या घरी मोठं माणूस आलं तरी बसूनच राहतात का?”

खुंटा वरमला. “चुकलं, आबा,” म्हणत तो उठला.

पडदा गेला.

खुंटा अर्धवट उभा तसाच राहिला. पडदा परत आला. तो बसला. उठला. काही नाही. बसला, उठला. गेला. आयुष्यात त्याने एवढी उठबस कधी केली नव्हती.

“आबा, आता बाहेर जा आणि दार लावून घ्या.”

“परत हाकललं?”

“शेवटचं.”

दार लागलं. खोलीत आबा नव्हते, त्यांची नजर नव्हती. खुंटा उठला, बसला, उठला. पडदा गेला.

त्याने दोघांना बोलावलं. “ही खुर्ची कधी आणली?”

“माझी पाठ दुखते म्हणून ह्यांनी घेतली. मागच्या… अगं बाई, पडदा जायला लागला त्याच्या जरा आधीच!”

खुर्चीला वायर नाही, बटण नाही; तिच्यावर कोण संशय घेणार? पण तिच्या पोटातल्या दांड्यात गॅस असतो. माणूस उठलं की दांडा वर येतो आणि विजेची बारीक ठिणगी उडते, डोळ्याला न दिसणारी. मशीनपासून पडद्याकडे जाणारी केबल चांगली असती तर तिला पत्ताही लागला नसता. ही केबल पडद्यासोबत फुकट आलेली, दोऱ्यासारखी. ठिणगी उडाली की ती दचकायची. दुकानात फक्त मशीन आलं होतं. केबल इथेच राहिली. म्हणजे चोर घरी आणि चौकीत मार भावाला.

“पण मग आबा आल्यावरच का?” सूनबाईंनी विचारलं.

“एरवी तुम्ही उठता ते पाठ फिरवून चालू लागता. मागे पडदा गेला काय, राहिला काय! आबा आले की तुम्ही हात टेबलावर ठेवून उठता आणि बघता पडद्याकडे.”

आबा खुर्चीकडे बघत होते. “मान दिला त्याची शिक्षा झाली म्हणायची,” ते म्हणाले.

खुंट्याने पिशवीतून अंगठ्याएवढी जाड केबल काढून जोडली. मग सूनबाई उठल्या-बसल्या. मग आबा म्हणाले, “सरका, मी बघतो,” आणि पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसून उठले, बसून उठले. पडदा जागाच राहिला. खुंटा तरीही गेला नाही. तो आपल्या स्टुलावर बसून राहिला.

दुपारी लेक जेवायला घरी आला. त्याला सगळं सांगितलं गेलं. त्याने खुर्चीकडे बघितलं, मग बापाकडे. “आबा, ते नजरेचं मी आपलं गमतीत…”

“ती बॅग काढलीच आहे,” आबा म्हणाले, “तर चेन दुरुस्त करून आण. मधेच अडकते.”

“आतले कपडे?”

“कपाटात ठेव. चेन दुरुस्त करायला कपडे कशाला लागतात?”

लेक बॅग रिकामी करायला गेला. आबा सुनेच्या मागे जाऊन उभे राहिले. त्या उठल्या. पडदा हलला नाही.

“बस गं, सारखी उठू नकोस. तो ळ बघ. पोट दुखत असल्यासारखा वाकलाय.”

“आबा, तो फॉन्टच तसा आहे.”

“मग फॉन्टला दवाखान्यात ने.”

खुंट्याचा फोन वाजला. बायको दुकानातून बोलत होती. एक बाई येऊन बसल्या आहेत, त्यांचं मशीन मधूनच बंद पडतं.

“कधी बंद पडतं म्हणतात?”

बायकोने विचारून घेतलं. “कुकरची शिट्टी झाली की.”

खुंटा हसला नाही. “त्यांना म्हणावं, घरी जाऊन कुकर लावा,” त्याने सांगितलं, स्टूल उचललं आणि निघाला.