साडूभाऊंचे दोन साक्षीदार

समोरच्याच्या बोलण्यावर काडीचाही विश्वास न ठेवता सदतीस वर्षं सुखाने संसार केलेले एकच गृहस्थ मी पाहिले आहेत, आणि ते नेमके माझे साडू निघावेत हा माझ्या पत्रिकेतला दोष. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या ताई, त्यांना दिलेली. आम्ही पेणला, ते रोह्याला शास्त्राचे शिक्षक. निवृत्तीनंतर माणसं देवाकडे वळतात, गुडघ्यांकडे वळतात; साडूभाऊ मेंदूकडे वळले. दुसऱ्यांच्या मेंदूकडे, हे सांगायला नकोच. कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं की समोरचा माणूस खूश आहे की नाराज, हे मेंदू एकट्या डोळ्यांवरून ठरवत नाही, एकट्या कानांवरूनही नाही. दोघांचं ऐकून, सगळं एकत्र कालवून तो एकच निकाल देतो, आणि तोही आपल्याला न विचारता. चेहरा रडका दिसला की साधा आवाजसुद्धा रडका वाटायला लागतो. तुम्ही-आम्ही हे वाचून पान उलटलं असतं. साडूभाऊंना यात घोर अन्याय दिसला. "डोळा आणि कान हे दोन साक्षीदार," ते मला म्हणाले, "आणि दोघांना शेजारी बसवून जबान्या घेतात! संगनमत होणार नाय तर काय? वेगवेगळं विचारायला हवं."

तेव्हापासून ते वेगवेगळं विचारू लागले. टीव्हीवरची मालिका रात्री आवाज बंद करून बघायची, दुसऱ्या दिवशी तोच भाग पुन्हा लागला की टीव्हीकडे पाठ करून ऐकायची, आणि 'सासू मनातून चांगली आहे' असा निकाल ताईंना द्यायचा. शेजारच्या मयताला ते कानात कापूस घालून गेले आणि खरं दुःख फक्त खांदेकऱ्यांना झालंय असं ठरवून आले. (मयत अंगाने भरलेला होता.) मला त्यांचा व्हिडिओ कॉल आला की पहिलं मिनिट, "साडूभाऊ, तुमचा आवाज बंद केलाय, बोला," आणि दुसरं मिनिट, "आता तोंडावर हात ठेवा आणि तेच बोला." पेणच्या भर बाजारात, पापड घेताना, चेहरा झाकून 'आम्ही मजेत आहोत' असं मी त्यांना सांगितलेलं आहे. पापडवाल्या बाईंनी कळवळून विचारलं, "काका, दात दुखतोय काय?"

पण त्यांची खरी कीर्ती झाली ती पेणजवळच्या गडब गावी. माझ्या चुलत बहिणीच्या मुलीला बघायला मुलगा यायचा होता, आणि आमच्यातले जाणकार म्हणून साडूभाऊंना बोलावणं गेलं. ते मीच धाडलं होतं, आणि त्याबद्दल घरात आजही ऐकून घेतो. पहिली पंधरा मिनिटं साडूभाऊ कानात कापूस घालून मुलाकडे टक लावून बसले. पुढची पंधरा त्यांनी डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकण्यात घालवली. मुलाच्या आईने माझ्या बहिणीला हळूच सांगितलं, "अगो, त्या आजोबांना आत आडवं कर, अवघडलेत ते." पाहुणे गेल्यावर निकाल लागला: "तोंडाने व्हय म्हणतोय, पण डोळ्यांत पाणी होतं. याचं मन दुसरीकडे हाय." बहिणीने होकार महिनाभर लांबवला. शेवटी मुलीनेच त्याला फोन करून विचारलं तेव्हा कळलं, की पोह्यांतली अख्खी मिरची त्याच्या दाताखाली आली होती, आणि मुलगी बघायला गेल्यावर सारखं काही, अगदी पाणीही, मागायचं नसतं, असं आईने बजावून आणलं होतं. साडूभाऊ त्या लग्नाला आले, पोटभर जेवले आणि हात धुताना म्हणाले, "डोळ्यांची जबानी खरीच होती. मिरची लपवली ती त्याने."

गेल्या मार्गशीर्षात एका सकाळी चहा पिताना तो ताईंच्या ओठाच्या कोपऱ्यातून ओघळला. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली होती. जिवाला धोका नाही, हळूहळू येईल, असं डॉक्टर म्हणाले. बरंचसं आलं, हसू तेवढं आलं नाही. ताई हसायला गेल्या की अर्धा ओठ वर जायचा, अर्धा जागीच राहायचा, आणि चेहरा चिडल्यासारखा दिसायचा. आवाज मात्र पूर्वीचाच होता. साडूभाऊंना तो पूर्वीसारखा ऐकूच येईना. "आज आमटी छान केलीत हो," असं त्या मनापासून म्हणायच्या आणि यांना टोमणा वाटायचा. "चिडलीस काय गो?" हे दिवसातून वीस वेळा. मेंदूची ही खोड त्यांना आम्हा सर्वांपेक्षा जास्त ठाऊक होती, आणि तिच्यापुढे त्यांचं काही चालत नव्हतं. ताई तोंडाला पदर लावून बोलू लागल्या. मग बोलणंच कमी झालं. एक दिवस साडूभाऊंचा साधा फोन आला, कुठलीही अट न घालता. "ती नाराज नाय हे मला कळतं हो. पण वाटतं तसंच. असंच चाललं तर ती बोलायचीच बंद होईल."

पंधरा दिवसांनी मी रोह्याला गेलो. ओटीवर साडूभाऊ भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या पाठीमागे ताई वाल सोलत गोष्ट सांगत होत्या. कोणी एक पाहुणा चुकून रोह्याच्या आधीच्या निडी स्टेशनवरच उतरला आणि भलत्याच घरी पूजेला बसून प्रसाद घेऊन आला. ताई खळखळून हसल्या. साडूभाऊही भिंतीकडे बघून हसले. "ऐकलंत?" ते मला म्हणाले, "हसतेय ती! आता स्वच्छ कळतं." किल्ला सर केल्याचा थाट होता. मी त्यांचं अभिनंदन करून पाणी प्यायला आत गेलो. मागोमाग ताई आल्या.

"भाऊजी, त्यांना माझा आवाज मिळाला. मला काय मिळालं? पंधरा दिवस मी त्यांची पाठ बघतेय. तोंड वाकडं झालंय माझं, डोळे नाय गेलेत."

बाहेर येऊन मी हे शब्द जसेच्या तसे साडूभाऊंना सांगितले. सगळ्या रोह्याचे चेहरे तपासणाऱ्या या माणसाला, आपलाही एक चेहरा आहे आणि तो कोणाला तरी रोज बघायला लागतो, हे कधी सुचलंच नव्हतं. मग ते उठले आणि खुर्ची फिरवून बसले. ताई दारात उभ्या होत्या. त्यांचा अर्धा ओठ वर गेला.

"कळत नाय गो," साडूभाऊ म्हणाले. "हसतेस की रागावलीस?"

"मग विचारत जा," ताई म्हणाल्या. "पण असं, इकडे बघून."

त्यांनी पुन्हा विचारलं. माझ्या गाडीला अजून तास होता, तरी मी चपला घातल्या आणि स्टेशनकडे निघालो.