टाकीवाली आणि ओढ्याकाठची पाखरं

फवारणीच्या विमानाची टाकी भरायचं काम तिचं, म्हणून सगळे तिला टाकीवालीच म्हणत. जंगलाला अळी लागली होती. झाडं अशीच बोडकी होत गेली तर लाकडाची वखार बंद पडणार, आणि नवरा त्याच वखारीत कामाला. त्यामुळे विमान पहिल्यांदा उडालं तेव्हा तिला हायसंच वाटलं.

ती जंगलालगतच्या घरी आली तेव्हा सासरे ओसरीवर कान टवकारून बसले होते. त्यांची नजर केव्हाच गेलेली. दिवस उजाडला हे त्यांना पाखरांवरूनच कळे.

“पाखरं गप्प आहेत गं. की आता कानांनीही राजीनामा दिला?”

“ऊन आहे ना बाबा, बसली असतील सावलीला.” ती म्हणाली खरी, पण तिची नजर अंगणात गेली. अंगणभर मेलेल्या अळ्या पडल्या होत्या. वळचणीला घरटं केलेली पक्षीण कुंपणाशी पंख पसरून थरथरत होती. आयतं मिळालं म्हणून पोटभर खाल्लं असणार. टाकीवालीने तिला ओंजळीत घेतलं. चोच दोनदा उघडमीट झाली आणि मान कलली. वर घरट्यात पिल्लं ओरडत होती.

साबणाने हात पुन्हा पुन्हा धुतले, तरी औषधाचा वास जाईना. शेवटी ती सासऱ्यांपाशी येऊन बसली.

“बाबा, पाखरं मरताहेत. औषध मीच भरते.”

म्हाताऱ्याने चाचपून तिचा हात धरला. मग म्हणाला, “उद्या कुठं फवारणार?”

“ओढ्याकाठी.”

“तिथं तर घरट्यांची दाटी आहे.”

सकाळी तिने टाकीला नळी लावलीच नाही. “ओढ्याचा काठ तेवढा सोडा, दादा. पिल्लं उडेपर्यंत तरी.”

“मला वरून नुसती झाडं दिसतात, ताई,” वैमानिक म्हणाला. “साहेबांना विचारा.”

साहेब कातावले. पण आपल्या घरचं पाणीही त्याच ओढ्याचं, हे त्यांना ठाऊक होतं. काठ सोडला.

मग निराळाच घोर लागला. बाकी जंगल सावरलं, काठाचा मात्र अळीने खराटा केला. नवरा म्हणाला, “वखार बंद पडली तर पाखरं घालणार का आपल्याला जेवायला?” रोज कामावरून येताना ती धास्तावल्या मनाने ओढ्यावरून येई. फांद्या उघड्या पडलेल्या, पण त्यांत पाखरं अळ्या टिपताना दिसत.

एके दिवशी नवऱ्यानेच सांगितलं, “काठाला फुटवा आलाय.” एवढंच बोलून तो जेवायला बसला.

वळचणीची पिल्लं जगली नाहीत; नर एकटा पुरा पडला नाही. पुढच्या फवारणीला टाकी तिनेच भरली. विमान ओढ्याच्या दिशेने गेलं आणि तिचा जीव टांगणीला लागला. मग ते काठाच्या अलीकडेच वळलं.