मशीन, म्हशी अन् मरून राहिलेला टेकचंद

माझ्या घरातून तीन पीएचड्या निघाल्या, असं मी गोंदियाच्या बाजारात कोणालाही छाती फुगवून सांगतो. म्हणजे अजून निघायच्या आहेत. अन् त्यात माझं काम एवढंच, की पोट्टे माझ्या घरी झोपतात अन् माझ्या बांधीतल्या, म्हणजे धानाच्या वावरातल्या, तांदळाचा भात खातात. मी स्वतः शाळेतून सातवीतच निघालो, तेही मास्तरानं कान धरून काढलं म्हणून!

पण शिकलेली माणसं एकदा घरात ठेवून पाहा. किस्से कसे तणसीच्या ढिगासारखे जमतात. एक पेंढी ओढायला जावं, तर चार अंगावर पडतात.

आमचं गाव दवनीवाड्याजवळ. जिकडं पाहावं तिकडं धान. पोरं नागपूरला गेली अन् मागच्या खोल्या रिकाम्या पडल्या. तिथं हे संशोधनवाले भाड्यानं आले. एक डासांचा अभ्यास करणारा, गावानं त्याचं नाव ठेवलं डासवाला. एक पाण्याचा इंजिनिअर, तो पाणीवाला. अन् पुण्याची अनघा, कॉम्प्युटरवाली. लोकांना तपासायला जोडीला तिरोड्याच्या वंदना सिस्टर. हे सगळे मला बाबाजी म्हणतात, माझ्या बायकोला आजी. गाव मला काय म्हणते, ते लिहिण्यासारखं नाही.

* * *

डासवाला संध्याकाळी ओट्यावर बसायचा. पँट गुडघ्यापर्यंत वर, हातात काचेची नळी. पायावर डास बसला की नळीनं ओढायचा अन् बाटलीत सोडायचा.

माझा शेजारी टेकचंद लांबूनच पाहत होता. शेवटी राहवलं नाही. जवळ येऊन बसला.

"काय करून राहिला गा?"

"डास पकडून राहिलो, काका."

"शिकला किती?"

"एमएस्सी झालं. आता पीएचडी."

टेकचंद माझ्याकडं वळला. डोळ्यांत पाणी. "पाहा भाऊ, एवढं शिकूनबी पोट्ट्याले नोकरी नाही लागली!"

मग मलाही दया आली. गेलो सरपंचाकडं. म्हटलं, बिचाऱ्याला डास फोडून खाऊन राहिले, काहीतरी करा. सरपंच भला माणूस. लगेच धुराची मशीन घेऊन माणूस हजर! गल्ली अशी पांढरी झाली, की माझा ओटा मला दिसेना. धूर गेला, तर डासवाला तिथंच. पाय उघडे, नळी हातात, अन् डास एक नाही.

"झाली ना सोय?" मी म्हटलं.

तो म्हणाला, "बाबाजी, लोकांची पीएचडी पाण्यात जाते. माझी तुमी धुरात घातली!"

* * *

पाणीवाल्यानं गावाच्या बोडीत, म्हणजे आमच्या लहान तलावात, एक खांब रोवला. खांबावर डबी. पाणी चढलं की याच्या मोबाइलवर घंटी वाजणार. पूर येण्याआधी गावाला कळलं पाहिजे, असा त्याचा हिशोब.

घंटी वाजली, पण भर मे महिन्यात. आकाशात ढगाचा पत्ता नाही, बोडीत उरलेलं डबक्याएवढं पाणी. अन् हा जेवताना ताटावरून उठला. "पाणी वाढून राहिलं!" म्हणत अनवाणीच पळाला. मी हात धुतले, पान खाल्लं अन् निवांत मागं गेलो.

बोडीत माझ्या म्हशी गळ्यापर्यंत बसलेल्या.

"पूर नाही गा," मी ओरडलो, "म्हशी आल्या!"

मला वाटलं, आता हा कपाळ बडवंल. तर म्हणतो, "बाबाजी, एक म्हैस बाहेर काढा." काढली. यानं मोबाइल पाहिला. "आता परत घाला." घातली. पुन्हा मोबाइल पाहिला अन् भर उन्हात नाचायलाच लागला. मशीन इतकं बारीक मोजते, हे त्यालाच माहीत नव्हतं!

तेव्हापासून ढग भरून आले की लोक पाणीवाल्याला विचारत नाहीत. मला विचारतात, "भाऊ, म्हशी कुठं हायेत?"

* * *

वंदना सिस्टरचे प्रश्न लई. हात कधी धुता, पाणी कुठलं पिता, तंबाखू खाता का. तंबाखूवर मी डबी पुढं केली, त्यांनी घेतली नाही. मग विचारलं, "आयुष्यात समाधानी आहात का?"

दारातच सगुना, म्हणजे माझी बायको, वाल सोलत बसलेली. मी आवाज खाली केला. "सिस्टर, हे आत्ताच सांगू, का ही बोडीवर गेल्यावर?"

पण तिचे कान अजून तिखट. वर न पाहताच म्हणाली, "खुशाल सांगा. सिस्टर, पुढच्या खेपेले आल्या की माझंबी लिहून घ्या. कागद मात्र जास्तीचे आणा!"

* * *

आता अनघाची मशीन. मशीन म्हणजे एक फोनच. माणसानं आपलं दुखणं आपल्या बोलीत सांगायचं. फोन ते ऐकून शुद्ध मराठीत लिहिणार अन् खाली सांगणार, दवाखान्यात न्यायची घाई आहे का नाही.

पण मशीन शिकलेली पुण्याच्या बोलण्यावर. अन् आम्ही जेवत नाही, जेवून राहतो. जात नाही, जाऊन राहतो.

टेकचंदला ताप आला होता. फोन तोंडाशी धरून कण्हला, "बाई, तापानं मरून राहिलो!"

फोननं लिहिलं, 'रुग्ण तापाने मरण पावला असून घरीच राहिला आहे.'

ते तिरोड्याला सिस्टरच्या फोनवर गेलं. सिस्टर गाडी काढून धावतपळत आल्या, चेहरा उतरलेला. टेकचंद ओट्यावर बसून पेज पिऊन राहिला होता. सिस्टरचा चेहरा पाहून त्यानं वाटी खाली ठेवली अन् दबक्या आवाजात विचारलं, "कोण मेलं वो?"

* * *

गाव हसलं. अनघा हसली नाही. पुण्याहून या सगळ्यांच्या मोठ्या सरांचा फोन आला होता, की तिथली बोली मशीनला झेपत नाही. मी येऊन पाहतो. तोवर जमलं नाही, तर तिथलं काम बंद करा, सगळे परत या.

पोट्टी मोरीपाशी बसून रडली. सगुना माझ्यावर धावली. "ते रडून राहिली अन् तुमी हासून राहिले? हे पोट्टे गेले तं घर खायले उठंल! जा, बोला त्या मशीनसंगं. तुमाले कायचं काम? तोंडच तं हाये!"

मग सारं गाव मशीनशी बोलायला लागलं. आपण दुखणं सांगायचं, सिस्टरनं तपासायचं, अन् अनघानं मशीनला शिकवायचं, की हा माणूस असं बोलला अन् निघालं हे.

पण आजारी माणसं रोज आणायची कुठून? मी होतो ना! कधी गुडघा, कधी कान, कधी कंबर. एकदा सांगितलं, "पोटात बेडूक उड्या मारून राहिला." सिस्टरनं पोट दाबलं, नाडी पाहिली, काही निघालं नाही. निघणार काय? बायकोनं केलेली आलूवांग्याची भाजी होती पोटात. पण सिस्टरही आता आमच्यातल्या झालेल्या. कागद काढून गंभीरपणे विचारतात, "बाबाजी, बेडूक नर का मादी?"

अनघा तेही मशीनला इमानदारीनं सांगायची. बाबाजी असं म्हणाले, निघालं काहीच नाही.

* * *

मशीन शिकली का नाही, देव जाणे. पण पोट्टी शिकली! एकदा तिच्या आईचा फोन आला. ही म्हणते, "आई, मी जेवून राहिले, मग करते."

तिकडून आई घाबरली. "जेवून राहिलीस? कुणाकडं राहिलीस?"

"राहिले नाही गं, जेवूनच राहिले!"

"अगं, पण राहिलीस कुठं?"

शेवटी सगुनानं फोन घेतला. म्हणाली, "बाई, काळजी नका करू. पोरगी आता तुमची नाही राहिली."

आईनं पलीकडं रडायलाच सुरुवात केली!

* * *

मोठे सर आले. सगुनानं बोदलकशाच्या तलावातले मासे रांधले. अंगणात गाव जमलं. अनघानं फोन माझ्या तोंडाशी धरला. त्या दिवशी मी ठरवलं होतं, आज मस्करी नाही. पोट्टीचं काम राहिलं पाहिजे. म्हणून एकदम ठसठशीत बोललो, "छातीत कळ येऊन राहिली, हात मरून राहिला, जीव घाबरून राहिला!"

फोननं लिहिलं, 'छातीत कळ येत आहे. हात बधिर होत आहे. जीव घाबरत आहे.'

शब्दाला शब्द बरोबर! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग खालची ओळ आली. 'दवाखान्यात नेण्याची गरज नाही.'

सरांचा चेहरा बदलला. "छातीत कळ, हात बधिर, आणि गरज नाही? अशानं माणूस मरेल!"

अनघा पांढरी पडली. टेकचंदला पुढं केलं, तेच बोलायला लावलं. फोन म्हणाला, 'ताबडतोब दवाखान्यात न्या.' त्याच्या सुनेला बोलायला लावलं. 'ताबडतोब न्या.' परत माझ्याकडं आले. मी आणखी कण्हलो. 'गरज नाही.'

अनघानं कॉम्प्युटर उघडला, बराच वेळ पाहिलं अन् तोंडावर हात ठेवला. "सर, बोली मशीनला समजली. पण ह्या एका आवाजाची एकही तक्रार आजवर खरी निघाली नाही. मशीन तेही शिकलं."

सर हसता हसता खुर्चीवरून पडायचे राहिले. मग चष्मा पुसत म्हणाले, "पण हे काढावं लागेल. उद्या हे गृहस्थ खरंच आजारी पडले तर? काम बंद करता येणार नाही. आणखी वर्षभर तुम्हाला इथंच राहावं लागेल."

अंगणात एकच गलका! मी मिशीला पीळ दिला. "पाहिलं? कोणामुळं राहिलं काम?"

तेवढ्यात सगुना चुलीपुढून उठून आली, हातात पळी. "काय निघालं वो बाई मशीनीतून?"

अनघानं तिला सगळं समजावून सांगितलं. सगुनानं शांतपणे ऐकलं, एकदा मशीनकडं पाहिलं, एकदा सरांकडं, मग माझ्याकडं.

"एवढे शिकले, एवढ्या लांबून मशीन आणली, अन् शोधून काय काढलं, तं हा बुढा लबाड हाये? मले इचारलं असतं तं चुलीपुढं बसल्या-बसल्या सांगतलं असतं!"