शंकरपटातलं विमान

आलापल्लीला लाकडाचे ट्रक दुरुस्त करणारे एक मिस्त्री होते. महायुद्धात जंगलात कोसळलेल्या लढाऊ विमानाची चाकं आणि खुर्ची त्यांनी शंकरपटाच्या छकडीला बसवली होती. बैलांच्या शर्यतीत उतरणारं जगातलं हे एकमेव विमान असावं. त्याचा इतिहास दरवर्षी बदले. एका वर्षी त्यानं जपान जाळलेला असे, पुढच्या वर्षी जर्मनी. त्या इतिहासात वैमानिक मात्र कधीच नसे. "हवेले मागं टाकत होतं भाऊ," मिस्त्री सांगत. सावली गावच्या पटात ते विमान न चुकता शेवटून पहिलं येई.

मिस्त्री छकडी उभ्यानंच हाकत. इतकी मिरवलेली खुर्ची रिकामीच राही.

एकदा मी म्हणालो, "मिस्त्री, ते खुर्चीचं धूड काढून टाका. वजन कमी झालं तर विमान निदान एका बैलजोडीला तरी हरवेल."

ते हसले नाहीत. दुपट्ट्यानं खुर्ची पुसून त्यांनी तिच्यावर नारळ ठेवला आणि दोरीनं नीट बांधला.

"मले विमान सापडलं तवा तो यातच बसून होता भाऊ. पट्टाबी सुटला नव्हता. त्याले इथी उतरवून मी जिकून काय करू?"

त्या वर्षीही विमान शेवटून पहिलं आलं.