दीपगृहवाल्याचं उत्तर

विल्फ ड्यूहर्स्टला क्रॅगले गावात माणसं हसवायला फारसे कष्ट पडत नसत. कुणीतरी नुसतं “अजून काहीच ठरलेलं नाही” म्हणायची खोटी, विल्फ मान खाली घालून, खालचा ओठ पुढं काढून, घोगऱ्या आवाजात म्हणायचा, “मंग पाडायला मानसं निघाली म्हनायची!” की सगळा पब खो खो करत ग्लास टेबलावर आपटायचा.

वाक्य त्याचं नव्हतं. टीव्हीवरच्या एका जुन्या विनोदी मालिकेतलं होतं. दीपगृह खात्याचा एक उपमंत्री, अंगानं गुबगुबीत आणि जिभेनं साजूक तुपातला. दर भागात किनाऱ्यावरचं एखादं दीपगृह बंद करायचा घाट घालायचा, चौकशी समिती नेमायचा, बिस्किटं खायचा, आणि तोवर तिकडं एखादं जहाज खडकावर चढलेलं असायचं. त्याच्या दारात म्हातारा दीपगृहवाला टोपी हातात घेऊन उभा राहायचा. उपमंत्री म्हणायचा, अजून काहीच ठरलेलं नाही. म्हातारा ते उत्तर द्यायचा, म्हणजे दीपगृह पाडायला माणसं आधीच निघालेली. बस, एवढंच. पण त्या एवढ्याशावर यॉर्कशरच्या खोऱ्यातल्या गिरणगावांनी वर्षानुवर्षं पोट धरून हसून घेतलं.

का हसत होती माणसं? विल्फ लोकरीच्या गिरणीत रंगखात्यात होता. दिवसभर साहेब सांगेल ते ऐकायचं, बोटांना चढलेला निळा रंग खरवडत घरी यायचं, आणि एडिथच्या शेजारी सोफ्यावर बसून तो उपमंत्री बघायचा. बघता बघता वाटायचं, हे आपल्याला कळतंय. वरच्यांची सगळी लबाडी आपल्याला आरपार दिसते. ते आपल्याला फसवतात, पण आपण काही फसत नाही. हे समाधान लोकरीच्या स्वेटरसारखं होतं. बाहेरचा वारा त्यानं थांबत नाही, पण अंगाला ऊब तर राहते.

गिरणी बंद व्हायची बोलवा उठली तेव्हा मॅनेजर पेटीवर उभा राहून तेच वाक्य बोलला होता. आख्ख्या शेडनं एका सुरात दीपगृहवाल्याचं उत्तर दिलं. असा हशा त्या छपराखाली कधी झाला नव्हता. मॅनेजरही लाजून हसला. गिरणी बंद झालीच, पण लोक पुढं कैक वर्षं त्या हशाचीच आठवण काढत राहिले.

आता एडिथ डोंगरापलीकडं हार्टनच्या वृद्धाश्रमात होती. तिच्या डोक्यातलं एकेक घर रिकामं होत गेलं होतं. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग ती जिथं आयुष्यभर स्वयंपाक करत होती ती शाळा गेली, मग विल्फ. पण ती मालिका राहिली होती. दर गुरुवारी विल्फ डोंगरावरच्या बसनं जायचा, खिशात डीव्हीडी, डब्यात आल्याचा केक. तिच्या शेजारी बसून भाग लावायचा. उपमंत्र्यानं तोंड उघडायच्या आधीच एडिथचे खांदे हलायला लागायचे. मग ती हसत हसत विल्फच्या गुडघ्यावर चापट मारायची. लग्नाआधीही अशीच मारायची. तो कोण, हे तिला ठाऊक नसायचं. पण चापट तीच होती. विल्फ त्या चापटीसाठी आठवडा काढायचा.

आणि ती बस बंद करायचं घाटत होतं. विल्फच्या डोळ्यांत मोतीबिंदू, गाडी केव्हाच विकलेली, मूल नाही, आणि गुडघे असे की डोंगराचं नाव काढलं तरी कुरकुरायचे. टॅक्सी दर आठवड्याला परवडणारी नव्हती. बस गेली की एडिथ गेली, इतकं ते सरळ होतं.

नगरपरिषदेनं लोकांचं म्हणणं ऐकायला चर्चच्या हॉलमध्ये सभा ठेवली. शेजारची आयव्ही सगडन आदल्या दिवशी कुंपणावरून ओरडली, “विल्फ, उद्या तूच बोलायचं बग. आमी बाजाराचं, दवाखान्याचं रडगानं गाऊ, ते त्यास्नी पाठ हाय. तू एडिथचं सांग.”

“सांगतो की.”

“आन् त्या तुज्या नकलाबिकला नगंत हां! हसून हसून गिरनी घालवली तुमी बाप्यांनी.”

“आगं बये, मला काय लाज न्हाई व्हय?”

रात्रभर त्यानं मनात घोकलं. माझी बायको हार्टनला आहे. ती मला ओळखत नाही, पण मी तिला ओळखतो. मला गुरुवारची बस पाहिजे. एवढंच बोलायचं आणि खाली बसायचं.

हॉल भरला होता. चहाचं मोठं पिंप कोपऱ्यात वाफाळत होतं. परिषदेकडून ऑल्ड्रिज नावाचे अधिकारी आले होते. तरतरीत, नम्र, कोट घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकलेला. लोक बोलले. आयव्ही तर टेबलावर मूठ आपटून बोलली. ऑल्ड्रिज मान डोलवत ऐकत होते. मग आयव्हीनं मागं वळून खूण केली आणि विल्फ उठला. टोपी हातात.

“साहेब, मला येवडंच सांगायचंय की माजी बायकू...”

“जरूर सांगा,” ऑल्ड्रिज मायेनं म्हणाले. “आणि कृपा करून काळजी करू नका. अजून काहीच ठरलेलं नाही.”

सगळ्या माना विल्फकडं वळल्या. जन्मभराची सवय ती, शिंक यावी तशी आली. मान खाली गेली, ओठ पुढं आला.

“मंग पाडायला मानसं निघाली म्हनायची!”

छप्पर उडालं. बायका डोळे पुसायला लागल्या, कुणाचा चहा सांडला. आणि मग नको ते झालं. ऑल्ड्रिजही हसले. नुसते हसले नाहीत, पोट पुढं काढून, हातात नसलेलं बिस्कीट कुरतडत, उपमंत्र्याचं पुढचं वाक्य थेट त्याच्याच आवाजात म्हणाले, “माणसं नाही हो, समिती!”

“समितीच्या हातात पहारी हायेत न्हवं?” विल्फच्या तोंडून गेलं.

“त्या मोजमापासाठी आहेत!”

टाळ्यांनी कान बधिर झाले. कुणी शिट्टी मारली. ऑल्ड्रिज पुढं येऊन विल्फचा हात हातात घेऊन म्हणाले, “माझ्या वडिलांची फार आवडती हो ही मालिका. आम्ही घरात सगळे पाठ म्हणायचो.” त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. विल्फ त्या डोळ्यांकडं बघत राहिला. त्याला आजवर वाटत आलं होतं की ती गंमत आपली आहे, खालच्यांची. वरचेही सोफ्यावर बसून तीच बघत होते, तेवढ्याच आनंदानं, आणि सकाळी उठून कामाला जात होते.

“साहेब, माजी बायकू...” तो पुन्हा म्हणाला. पण खुर्च्या सरकल्या होत्या, पिंपाशी रांग लागली होती, लोक पाठीवर थापा मारत होते. “झ्याक केलंस, लेका!” ऑल्ड्रिज कोट घालत सर्वांना म्हणाले, “इतकी खेळीमेळीची सभा मी पाहिली नव्हती.”

आयव्ही दाराशी थांबली होती. ती हसली नव्हती. तिनं फक्त त्याच्या कॉलरची घडी नीट केली आणि निघून गेली.

पानगळीत थांब्यावर बस बंद होत असल्याची सूचना चिकटली.

शेवटच्या गुरुवारी विल्फ नेहमीसारखा गेला. डब्यात केक, खिशात डीव्हीडी. भाग लागला, उपमंत्री आला, एडिथचे खांदे हलले. चापट पडली. विल्फचा चेहरा हलला नाही.

एडिथ थबकली. तिनं त्याला नीट न्याहाळलं आणि परिचारिका ग्लेनिसला बोलावून कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाली, “ह्या पाव्हन्याला इनोद कळत न्हाई वाटतं. बिचारा.”

ग्लेनिसनं विल्फच्या खांद्यावर हात ठेवला. “नका असं मनाला लावून घेऊ. करतील कायतरी सोय. अजून काही ठरलं न्हाई म्हनत्यात.”

एडिथनं मान खाली घातली. खालचा ओठ पुढं काढला.

“मंग पाडायला मानसं निघाली म्हनायची!”

आणि एकटीच हसत सुटली, खोकला येईपर्यंत, हात गुडघ्यावर आपटत. या वेळी स्वतःच्याच गुडघ्यावर. बाहेर बसवाल्यानं भोंगा वाजवला. विल्फनं केकचा डबा तिच्या मांडीवर ठेवला, टोपी उचलली. पडद्यावर भाग अजून चालूच होता, आणि एडिथची नजर तिथून हलली नव्हती.